समुद्रपर्यटनाची पूर्वतयारी

मुंबईहून गोवें किंवा लक्षद्वीप येथें पर्यटननौकेनें जाण्याचे बेत हल्लीं पुष्कळ कुटुंबांत होतात. वडील मंडळीही बरोबर असावयाची असतील, तर पंचतंत्रांतील अनागतविधात्याप्रमाणें कांहीं गोष्टी आधींच ठरवाव्या, असें आम्हांस वाटतें.

प्रथम काळ पाहावा. पावसाळ्यांत पश्चिम समुद्र खवळलेला असतो. १७ जुलै १९४७ रोजीं, ऐन आषाढांत, रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. दिवाळीनंतरचा समुद्र त्या मानानें शांत.

नौकेच्या मध्यभागीं, खालच्या मजल्यावर हेलकावे कमी बसतात. वृद्धांस तेथील खोली घ्यावी. कानांतील तोल सांभाळणारें इंद्रिय हालचाल सांगतें, बंद खोलींत डोळ्यांस ती दिसत नाहीं. या विसंगतीनें बोट लागते. अशा वेळीं बाहेर येऊन क्षितिजाकडे पाहावें. नित्याचीं औषधें हातपिशवींतच असावींत. लक्षद्वीपास प्रवेशपरवाना लागतो, हेंही ध्यानांत ठेवावें.

सर्वांत महत्त्वाची ती संकटकाळची कवाईत. १३ जानेवारी २०१२ रोजीं इटलीच्या किनाऱ्याशीं ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आपटून ३२ जण दगावले. त्या दिवशीं चढलेल्या शेंकडों उतारूंची कवाईत झालीच नव्हती. पुढें १ जानेवारी २०१५ पासून ती नौका सुटण्यापूर्वीं वा सुटतांच घेण्याचा आंतरराष्ट्रीय नियम झाला.

तेव्हां घंटा वाजतांच “आजोबा, आपण पडून राहा” म्हणणें ही खरी माया नव्हे. जाकीट कसें बांधावें, कोठें जमावें, हें मंद पावलांच्या माणसासच आधीं कळलें पाहिजे. आणि त्याचा हात कोणीं धरावयाचा, हें घरींच ठरलें पाहिजे.