अठरा वर्षांनंतर कुणाच्या घरी? जव्हार-मोखाड्यात न विचारला जाणारा प्रश्न

दिवाळी उरकली की जव्हार आणि मोखाडा तालुक्यांतले पाडे रिकामे व्हायला लागतात. भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर कुटुंबंच्या कुटुंबं निघतात. बरीचशी पावसाच्या तोंडावरच परततात. १९९२-९३ मध्ये वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं दगावली, तेव्हापासून या भागावरच्या प्रत्येक चर्चेत लहान मूल केंद्रस्थानी राहिलं आणि ते योग्यच होतं. पण त्याच झोपडीत तीस वर्षांचा बौद्धिक दिव्यांग मुलगा असेल, किंवा डोक्यावर परिणाम झालेली आत्या असेल, तर ती माणसं या सहा महिन्यांत कुठे जातात? भट्टीवर नेली तर मुकादम कुरकुर करतो आणि सांभाळणाऱ्याचा रोज बुडतो. मागे ठेवली तर शेजारची एखादी म्हातारी दोन वेळची भाकर देते. तिला ना कुणी विचारतं, ना कुणी पैसा देतं. आजची 'व्यवस्था' म्हणायची तर एवढीच आहे.

राज्य सरकारने २०२५ मध्ये संजय गांधी निराधार अनुदान योजनेतल्या दिव्यांगांचं मासिक अर्थसाहाय्य दीड हजारावरून अडीच हजार रुपये केलं. वाढ चांगलीच आहे. पण हा पैसा दिव्यांग व्यक्तीच्या खात्यात येतो आणि तिला सांभाळणाऱ्याचा त्यात हिशोब नाही. शिवाय त्याआधी प्रमाणपत्र लागतं. जव्हारहून जिल्ह्याचं ठिकाण पालघर सत्तरेक किलोमीटर, मोखाड्याहून आणखी दूर. ज्याला एसटीत बसवणंच अवघड, त्याला घेऊन चकरा मारायच्या म्हणजे प्रत्येक चकरेला घरातल्या दोघांचा रोज गेला.

मुलांच्या बाबतीत मात्र सरकारने हा प्रश्न केव्हाच ओळखला आहे. स्थलांतर करणाऱ्यांची मुलं गावात राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहं निघाली. बालसंगोपन योजनेत मूल संस्थेत न टाकता कुटुंबात वाढावं म्हणून महिन्याला २,२५० रुपये दिले जातात. म्हणजे सांभाळ हे काम आहे, ते घरात झालेलं बरं आणि त्याला पैसा लागतो, या तिन्ही गोष्टी शासनाला मान्य आहेत. फक्त अठरावा वाढदिवस होईपर्यंत! त्यानंतर तेच मूल, तीच गरज, पण योजना संपते. वयात आलेल्या माणसाला दुसऱ्या कुटुंबात ठेवून त्या कुटुंबाला मानधन द्यावं, अशी तरतूद आपल्याकडे नाही. आम्हाला हीच मुख्य उणीव वाटते.

कायद्याचा आधार नाही असं मात्र कुणी म्हणू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं १९ वं कलम स्पष्ट सांगतं, की केवळ कुटुंब नाही किंवा कुटुंब स्वीकारत नाही म्हणून कुणाला मनोरुग्णालयात ठेवून घेता येणार नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात, ज्यांना जास्त आधार लागतो त्यांच्यासाठी काळजीवाहू भत्त्याचा उल्लेख आहे. केरळमध्ये 'आश्वासकिरणम' योजनेत काळजी घेणाऱ्याला महिन्याला ६०० रुपये ठरवले गेले. रक्कम तुटपुंजी आहे, पण घरातली सेवा सरकारी कागदावर तरी आली.

आपल्याकडे काय झालं? जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला महाराष्ट्राची गंभीर दखल घ्यावी लागली, कारण मनोरुग्णालयांतल्या रुग्णांना भिक्षेकरी गृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवलं जात होतं. बरा झालेला माणूस आणि भिक्षेकरी गृह! न्यायालयाने हे थांबवायला सांगितलं. पण मग पाठवायचं कुठे, हा प्रश्न राहिलाच. पालघरच्या माणसासाठी मोठं ठिकाण म्हणजे १९०१ पासूनचं ठाण्याचं मनोरुग्णालय. तिथून परत पाठवायचं तर घरी कुणी असायला हवं, आणि घरचे नेमके भट्टीवर असतात.

चेन्नईच्या 'द बॅनियन' संस्थेने २०१५ पासून 'होम अगेन' हा वेगळा मार्ग धरला. चार-पाच जण वस्तीतल्या एका साध्या घरात राहतात, सोबत मदतनीस असतो, बाजारहाट-स्वयंपाक मिळून करतात. रत्नागिरीतही हे काम पोहोचलं आहे. कर्जतच्या 'श्रद्धा' संस्थेचे डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तो रस्त्यावरच्या मनोरुग्णांना बरं करून घरी पोहोचवण्यासाठी. दोन्ही कामं मोठी आहेत. पण ज्याला घर आहे आणि घरात सहा महिने माणूस नाही, त्याच्यासाठी तिसरी वाट लागेल.

ती वाट जगात जुनी आहे. बेल्जियममधल्या गील या गावात तेराव्या शतकापासून शेतकरी कुटुंबं अनोळखी मनोरुग्णांना घरात ठेवून घेत आली. १९३८ च्या सुमारास तिथे अशी साडेतीन हजारांहून जास्त माणसं होती. आज आकडा खूप खाली आला आहे. शेती यंत्रावर गेली, बायका नोकरीला लागल्या, दिवसभर घरी कुणी राहिलं नाही. तरी पद्धत टिकून आहे, कारण कुटुंबाला मानधन मिळतं आणि पाठीशी गावातलंच मनोरुग्णालय उभं असतं. रात्री-अपरात्री बिनसलं तर बोलवायला माणूस आहे. नुसत्या माणुसकीवर हे सातशे वर्षं चाललं असतं, असं आम्हाला वाटत नाही.

जव्हार-मोखाड्यात हे जमेल का? या दोन तालुक्यांत नव्वद टक्क्यांहून जास्त लोकसंख्या आदिवासी आहे. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकर, कातकरी पाड्यांत नात्यागोत्याचा आधार अजून जिवंत आहे. प्रत्येक पाड्यात पाच-सात घरं अशी असतात जी भट्टीवर जात नाहीत. ग्रामसभेने त्यातून घर निवडावं, आशा सेविकेने महिन्याला दोन फेऱ्या माराव्यात, जव्हारच्या कुटीर रुग्णालयातून औषध मिळावं. पेसा गावांना थेट मिळणाऱ्या पाच टक्के अबंध निधीतून आरोग्यावर खर्च करता येतो. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातलाही पाच टक्के वाटा दिव्यांगांसाठी राखीव आहे, पण इथल्या ग्रामपंचायतींचं उत्पन्न ते काय असणार! म्हणून मानधन राज्यानेच द्यायला हवं. बालसंगोपनाइतकं दिलं तरी सुरुवात होईल.

धोके मात्र उघड बोलले पाहिजेत. पहिला वेठीचा. हा जुना ठाणे जिल्हा वेठबिगारीविरुद्धच्या लढ्यांचा आहे आणि १९७६ चा कायदा होऊनही ती पुरती गेलेली नाही. 'सांभाळायला ठेवला' म्हणत धडधाकट शरीराच्या भोळ्या माणसाला गुरांमागे फुकट राबवणं फार सोपं आहे. बाईमाणसाच्या बाबतीत तर धोका आणखी मोठा. म्हणून तो माणूस स्वतः हो म्हणतो का, हे विचारलं पाहिजे, न सांगता येणाऱ्या दिवशी तपासणी झाली पाहिजे आणि त्याच्या कामाची मजुरी वेगळी मिळाली पाहिजे.

दुसरा धोका आपल्याच घरातला. ६ ऑगस्ट २००१ ला तामिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळच्या एका खासगी 'आश्रयगृहा'त आग लागली आणि साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण जळून गेले. श्रद्धेने आणलेल्यांना पैसे घेऊन ठेवणारी ती जागा होती, विचारणारं कुणी नव्हतं. त्यानंतर गुजरातमध्ये उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात 'दवा आणि दुआ' उपक्रम सुरू झाला. मुजावरच रुग्णाला डॉक्टरकडे पाठवू लागले. महाराष्ट्रातूनही अनेक कुटुंबं तिथे जातात. जव्हारच्या दर्ग्याच्या उरुसाला तर सगळ्या जातीधर्मांची माणसं येतात. तिथे एक टेबल टाकून 'टेली मानस'चा १४४१६ हा मोफत क्रमांक आणि प्रमाणपत्राचे अर्ज ठेवायला कुणाची हरकत असेल?

भिवंडी-मुंब्र्याच्या आपल्या ट्रस्टांनीही इथे लक्ष घालावं. भिवंडीच्या भिंती या लोकांनी भाजलेल्या विटांच्या आहेत. ज्यांची समज कमी आहे त्यांचा माल जपा, त्यातून त्यांना खाऊ-पिऊ घाला आणि त्यांच्याशी भल्या शब्दांत बोला, ही शिकवण सूरह निसाच्या सुरुवातीलाच आहे. जकातीचा मसला उलमांना विचारावा. सदका आणि ट्रस्टचा सर्वसाधारण निधी यांना अडचण दिसत नाही. एका पाड्यातल्या दोन घरांना सहा महिन्यांचं मानधन देऊन, हिशोब ग्रामसभेत मांडून सुरुवात करता येईल.

योजना येईल तेव्हा येईल, पण दोन गोष्टी आजच करता येतात. मानसिक आजार असलेली सज्ञान व्यक्ती साध्या कागदावर सही किंवा अंगठा देऊन आपला प्रतिनिधी नेमू शकते आणि तो नातेवाईकच असला पाहिजे असं नाही. बौद्धिक दिव्यांग, स्वमग्न किंवा सेरेब्रल पाल्सी असलेल्यांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली आई-वडील किंवा नातेवाईक जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे आपल्या पसंतीच्या माणसाला कायदेशीर पालक नेमण्याचा अर्ज करू शकतात. भाकर देणाऱ्या त्या शेजारणीचं नाव या कागदावर दिवाळीआधी चढलं, तर दवाखान्यात आणि बँकेत तिला 'तू कोण?' असं विचारल्यावर दाखवायला काहीतरी हातात असेल.