यंत्राआधी बारकोड

जर्मनीतल्या अनेक औषध दुकानांत फार्मासिस्ट आता औषध काढायला मागे जात नाही. संगणकावर नाव टाकले की बंद कपाटातला यांत्रिक हात खोके उचलून काउंटरपर्यंत पोचवतो. यंत्र बारकोड वाचते, रिकामी जागा दिसेल तिथे माल लावते आणि ज्याची मुदत आधी संपणार ते खोके आधी बाहेर काढते. जोहान्सबर्गच्या अलेक्झांड्रा भागात २०१८ मध्ये एटीएमसारखे औषध केंद्र सुरू झाले. कायमची औषधे घेणारे रुग्ण तिथे पडद्यावर फार्मासिस्टशी बोलतात आणि काही मिनिटांत औषध घेऊन निघतात. एरवी याच औषधांसाठी त्यांना सरकारी दवाखान्याच्या रांगेत ताटकळावे लागे.

या यंत्रांचा वेग लगेच डोळ्यांत भरतो. मला त्याहून मोलाचा वाटतो तो फार्मासिस्टचा मोकळा झालेला वेळ. संध्याकाळच्या गर्दीत ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅमच्या जागी २ मिलिग्रॅमची स्ट्रिप हातात येऊ शकते. हायड्रॉक्सिझिन आणि हायड्रालझिन ही नावे तर घाईत वाचणाऱ्याला हमखास चकवतात. कोड वाचून माल काढणारे यंत्र फळीवरची ही गल्लत टाळते. पण संधिवाताच्या रुग्णाला ‘मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्या, रोज घेतलेत तर जिवावर बेतेल’ हे समजावून सांगायला फार्मासिस्टच हवा. स्ट्रिप शोधण्यात जाणारी मिनिटे या बोलण्यासाठी मिळाली, तर यंत्राचा खर्च सार्थकी लागला असे मी म्हणेन. चिठ्ठी वाचताना चूक झाली, तर यंत्रही चुकीचेच औषध काढून देणार. चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच देण्याची, १९४८ च्या फार्मसी कायद्याच्या कलम ४२ ने टाकलेली जबाबदारी यंत्र आणल्याने कमी होत नाही.

आपल्याकडची खरी अडचण स्ट्रिपची आहे. युरोपीय संघात ९ फेब्रुवारी २०१९ पासून चिठ्ठीवर मिळणाऱ्या बहुतेक औषधांच्या खोक्यावर बॅच आणि मुदतीसह कोड असतो, त्यामुळे यंत्राला हवी ती माहिती आयती मिळते. आपण दहाच्या स्ट्रिपमधून चार गोळ्या कापून देतो. उरलेल्या तुकड्यावर बॅच आणि मुदत राहिलीच तर नशीब. १ ऑगस्ट २०२३ पासून तयार होणाऱ्या मालावर बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा झाला, तोही फक्त ३०० ब्रँडना. एवढ्या तुटपुंज्या पायावर महागडे यंत्र उभे करण्याची घाई नको.

स्कॅनर मात्र लहान दुकानालाही परवडतो. ज्या औषधावर कोड आहे ते बिल करताना स्कॅन करूनच द्या. स्ट्रिप कापताना बॅच आणि मुदतीची बाजू शेवटपर्यंत राखा. आणि प्रत्येक स्ट्रिपवर कोड हवा, ही मागणी आपापल्या जिल्हा संघटनेच्या पुढच्या सभेत लेखी मांडा.