पेंगणारा मुलगा

परवा भाचीचा फोन आला. तिच्या शेजारच्या छोट्या मुलीला एका शाळेने प्रवेश नाकारला. कारण काय, तर तिच्या डोक्यात शंट आहे आणि "उद्या काही झालं तर जबाबदारी कोणाची?" मला माझ्या चौथीच्या वर्गातला एक मुलगा आठवला. नाव लिहीत नाही.

त्यालाही शंट होता. मेंदूतल्या पोकळ्यांत पाणी साठून दाब वाढतो, म्हणून एक बारीक नळी कातडीखालून मान, छाती करत पोटात सोडतात. जादा पाणी तिथे जिरतं. मध्ये एक झडप असते. रोआल्ड डाल हे मुलांचे लाडके लेखक; १९६० साली न्यूयॉर्कमध्ये टॅक्सीच्या धडकेने त्यांच्या तान्ह्या मुलाच्या डोक्यात असंच पाणी साठलं. नळी सारखी तुंबायची. तेव्हा डाल, वेड नावाचे एक इंजिनिअर आणि टिल हे सर्जन यांनी मिळून नवी झडपच तयार केली! असो.

नळी आजही तुंबते. आमचा हा मुलगा भूगोलाच्या तासाला पेंगत होता. मी दोनदा दटावलं, तिसऱ्यांदा उभं केलं. मधल्या सुट्टीत त्याला उलटी झाली, तर मी विचारलं, "डब्यात काय खाल्लंस रे?" आई न्यायला आली, तिने त्याच्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि रिक्षा थेट हॉस्पिटलला वळवली. त्याच रात्री ऑपरेशन झालं. वाचला. जूनमध्येच त्या माउलीने मला सगळं समजावून सांगितलं होतं हो. मी मान डोलावली आणि विसरले.

म्हणून शाळांची भीती मला कळते, पण नकार पटत नाही. अशा मुलाला वेगळा वर्ग लागत नाही. हजेरीपटात एक कागद चिकटवायचा: डोकेदुखी, उलटी, पेंग, ताप, डोळे अचानक तिरळे होणं, यातलं काही दिसलं की लगेच घरी फोन, आणि मूल दवाखान्यात. झोपू दे जरा, बरं वाटेल, असं म्हणायचं नाही. बदली शिक्षकालाही तो कागद दिसला पाहिजे. आणि आई म्हणाली की "आज हा नेहमीसारखा नाही", तर वाद घालायचा नाही. यात शाळेला खर्च तो काय?

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंग मुलांनासुद्धा भेदभाव न करता प्रवेश द्यायला सांगितलं आहे. ही मुलगी तर पळते, गाणी म्हणते.

भाचीकडे त्या मुख्याध्यापिकांचा नंबर मागितलाय. अजून दिलेला नाही. मावशी काय बोलेल या धास्तीने असेल.