अंतर्मनाचे दुकानदार

मंडळी, 'अंतर्मनावर सोडा, ते सगळं बरोबर जुळवून देतं' हे वाक्य आताशा मला ऐकवत नाही. पूर्वी ते निदान पुस्तकांत असायचं. मग झोपताना कानाशी लावायच्या कॅसेटींत आलं, आणि पुढे 'मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन'च्या वर्गांत शिरलं. मुलाच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची, त्याने हातातल्या कार्डाचा रंग सांगायचा, आणि आईबापांनी टाळ्या वाजवून काही हजार रुपये मोजायचे. आमच्या नात्यातल्या एका सुनेनेही मोजले, म्हणून आज लिहायला बसलो. (ती हे वाचणार आहे. रागावू नकोस गं, पण लिहिणारच!)

आता कुणी म्हणेल, मास्तर, मन नकळत काही जोडत नाही असं तुमचं म्हणणं का? मुळीच नाही. जोडतं, आणि फार सुंदर जोडतं. पाचवीच्या वर्गात मी एक खेळ घ्यायचो. फळ्यावर एक खोटाच शब्द लिहायचा, 'टमका'. मग विचारायचं, पाणी कुणाला द्यायचं? सगळा वर्ग एका सुरात म्हणे, "टमक्याला!" टमकी असेल तर? "टमकीला!" हा शब्द जगात कुणी ऐकलेला नाही. तरी शेवटचा स्वर कोणता, लिंग कोणतं, पुढे प्रत्यय येणार की नाही, एवढं सगळं एकत्र होऊन उत्तर क्षणात बाहेर पडतं. "का रे, टमकाला का नाही?" असं विचारलं की सगळे गप्प. फार तर एखादा म्हणायचा, "तसंच म्हणतात ना सर!"

सामान्यरूपाचा नियम पोरांना मी नंतर शिकवायचो. दादोबा पांडुरंगांचं मराठी व्याकरण छापलं गेलं 1836 साली, ज्ञानेश्वरी लिहून झाली 1290 मध्ये. मधली साडेपाचशे वर्षं आमचे लोक 'घोड्याला' काय व्याकरण पाठ करून म्हणत होते?

पण हे फुकट आलेलं नाही. ती पोरं जन्मल्यापासून मराठी ऐकत होती, रोज, तासन् तास. नियम नकळत बनला, पण ज्यातून तो बनला ते सगळं कानांनी नीट ऐकलेलं होतं. 1996 साली अमेरिकेत आठ महिन्यांच्या बाळांना अर्थ नसलेल्या अक्षरांची सलग माळ दोन मिनिटं ऐकवली, तेव्हा कोणत्या अक्षरामागून कोणतं येतं हे त्यांनी टिपलं होतं. दोनच मिनिटं, पण ऐकलेली!

आमच्या पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत जाऊन बघा, नाहीतर हमरापूर-जोह्याला जा. डोळ्यांची आखणी वाटेल त्याच्या हाती देत नाहीत. मूर्ती केवढी, मान कशी, भुवई किती उचललेली, भक्त कुठून बघणार, हे सगळं आखणाऱ्याच्या कुंचल्यात एकत्र येतं. कसं ते त्याला विचारलंत तर हसेल. पण त्या हसण्यामागे हजारो डोळे आखलेले असतात.

दुकानदारांचा दावा निराळाच आहे. जे पाहिलं नाही, ऐकलं नाही, तेही म्हणे मन जोडतं. ही जुनी लबाडी आहे. 1957 साली जेम्स व्हिकरी नावाच्या जाहिरातवाल्याने सांगितलं की सिनेमाच्या पडद्यावर न दिसणारा संदेश झळकवून त्याने पॉपकॉर्न आणि कोकाकोलाचा खप वाढवला. 1962 मध्ये स्वतःच कबूल केलं की तो धंद्याचा डाव होता. बरं, खऱ्या शास्त्रज्ञांचं काय? 2012 साली जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या संशोधकांनी लिहिलं की एका डोळ्यापुढे रंगीत चित्रं लुकलुकवून दुसऱ्या डोळ्यापुढची उदाहरणं जाणिवेपासून लपवली, तरी मन ती सोडवतं. त्यातल्या एका प्रयोगात तर वजाबाकीचा परिणाम दिसला, बेरजेचा नाही! (जन्मभर शिकवलेल्या मास्तरला हे वाचून हसू येणारच.) 2018 च्या सुमारास इतरांनी ते आकडे आणि प्रयोग पुन्हा तपासले, तेव्हा तो दावा पुष्कळच डळमळला. या विषयावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. पण ज्यावर त्यांचं एकमत नाही ते आमच्या मुलांना पैसे घेऊन विकायचं?

आणि मध्यमेंदू म्हणाल तर तो डोळ्यांच्या हालचाली, ऐकणं असली कामं जन्मापासून करतोच आहे. त्याला 'सुरू' करायला कुणाच्या शिबिराची गरज नाही. पट्टीखालचं गुपितही साधं आहे, नाकाजवळ फट राहते. अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्यांनी हे अनेकदा उघड केलं आहे. मला जास्त झोंबतं ते पुढचं. मुलाला फटीतून दिसतं, हे त्याला माहीत असतं, पण बाबांनी पैसे भरलेत म्हणून ते गप्प राहतं. दहा वर्षांच्या मुलाला आपण खोटं बोलायची शिकवणी लावतो, तीही फी भरून.

म्हणून सूनबाई, पुढच्या वेळी शिबिरात एवढंच करायचं. कार्ड जाड पाकिटात घालून मुलाच्या पाठीमागे धरायचं आणि त्या शिक्षकांना म्हणायचं, "आता ओळखायला सांगा." पैसे परत मागायचे असतील तर मी बरोबर येतो.