कानाला हात लावून ताप कळत नाही



२०२२ चा लम्पी कोणी विसरलं नसेल. ऑगस्टात शेजारच्या जळगाव जिल्ह्यात निघाला अन् पाहता पाहता आपल्या बुलडाण्यात गोठ्यागोठ्यात शिरला. माझ्या गायीनं वैरण सोडली. मी कानाला हात लावला, कान थंडगार. म्हटलं ताप नाही, अपचन असंल. दोन दिवसांनी गाठी आल्या. डॉक्टरांनी मोजलं तर १०५! ताप चढताना कान थंड पडू शकतात, हे तेव्हा कळलं. गाय वाचली, पण दूध गेलं ते गेलंच.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: दाव्यासारखाच डिजिटल थर्मामीटर गोठ्यात पाहिजे. मेडिकलवर माणसाचा मिळतो तोच चालतो. फक्त खूण करून वेगळा ठेवा.

पण तो चालतो कसा हे समजून घ्या, नाहीतर आकडा फसवतो. टोकाच्या धातूच्या टोपीत थर्मिस्टर नावाचा बारका मणी असतो. तो जेवढा तापला तेवढा विजेला होणारा त्याचा अडथळा कमी होतो. आतली चिप तो अडथळा मोजते अन् त्याचे अंश करून दाखवते. आकडा चढायचा थांबला की बीप वाजते, अन् सगळ्यात वरचा आकडा पडद्यावर राहतो. म्हणजे बीप वाजली म्हणून माप बरोबर झालं असं नाही. टोक शेणात रुतलं तरी बीप वाजतेच!

म्हणून टोकाला तेल लावा, गुदद्वारात घालून आतल्या कडेला टेकवा, बीपनंतरही मिनिटभर थांबा. दोरी बांधून चिमट्यानं शेपटीला अडकवा. उन्हात पडलेला थर्मामीटर आधी सावलीत गार होऊ द्या, नाहीतर उन्हाचाच आकडा धरून बसतो. मोजायचं ते सकाळी, जनावर चरायला सोडण्याआधी.

अजून एक. माणसाचं ९८.६, पण गायीचं साधारण १०१.५ फॅरेनहाइट, म्हणजे ३८.६ सेल्सिअस. पडद्यावर कोणतं माप आहे ते आधी पाहा. करोनातली बंदूक गोठ्यात कामाची नाही, ती वरवरची कातडी अन् केसच मोजते.

आकडा पाहून स्वतः सुई टोचू नका. १९६२ वर फोन करा, पण "गाय सुस्त आहे" एवढंच नका सांगू. "काल सकाळी १०२, आज १०४" असं सांगा. डॉक्टरला यायला वेळ लागला तरी त्याला काय घेऊन यायचं ते कळतं.

तुमच्या गोठ्यात थर्मामीटर आहे का? खाली लिहा.