फिरती घरे आणि गावचे रस्ते

चार चाकांवर संसार मांडून हिंडणारे प्रवासी गोमंतकाला नवे नाहीत. १९६० व १९७० च्या दशकांत युरोपातून तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तानमार्गे निघालेले पाहुणे जुन्या बसगाड्या घेऊन हणजूणच्या माडांखाली उतरत. १९७९ साली इराणातील क्रांती आणि अफगाणिस्तानात शिरलेल्या सोव्हिएत फौजा यांमुळे तो खुष्कीचा मार्ग खुंटला. आता असे फिरते घर आपल्याच देशात भाड्याने मिळते. केंद्र सरकारने २०१० साली कारवान पर्यटनाचे धोरण आखले. २०२१ साली महाराष्ट्र आणि केरळ यांनी तोच मार्ग धरला. या गाड्या आपल्या किनाऱ्याकडे वळणार, हे ओघानेच आले. पाहुण्यांच्या हौसेला आमचा विरोध नाही. आमचा प्रश्न आहे तो गाडीच्या आकाराचा आणि ती हाती घेणाराच्या तयारीचा.

साडेसात हजार किलोपर्यंतचे वाहन कायद्याच्या दृष्टीने 'हलके' असते. अशा वाहनाचा परवाना असलेल्यास त्याच वजनाच्या आतील भाड्याचे वाहनही चालविता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणजे साडेतीन मीटर लांबीच्या मोटारीवर हात बसलेला गृहस्थ दुप्पट लांबीचे घर घेऊन रस्त्यावर येऊ शकतो. कायदा त्याला अडवीत नाही. अडवितो तो आमचा गावचा रस्ता. दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे, वर फणसाची फांदी आणि विजेची तार, समोरून सायकलवर येणारा पोदेर! लहान व्हॅनएवढी गाडी येथून निभावून जाईल. मोठीचे तसे नाही. तिच्या मागल्या चाकांपलीकडे उरलेले धूड वळणावर उलट दिशेला झुकते. उजवीकडे वळताना डावीकडचा सायकलस्वार त्याच्या तडाख्यात सापडतो. शंभर लिटर पाणी भरले की शंभर किलो वजन वाढते आणि करमल घाटासारख्या उतारावर ब्रेकवरचा ताण तेवढाच वाढतो. टपाची उंची तर काचेतून दिसतच नाही. ज्यांच्याबरोबर चालक मिळतो त्या गाड्यांची गोष्ट निराळी; परंतु स्वतः चालविणाराच्या हाती केवळ किल्ली ठेवणे म्हणजे निष्काळजीपणा होय.

गाडी थांबली म्हणजे चिंता सरत नाही, किंबहुना तेथूनच ती सुरू होते. वाळूत चाके रुतणे आणि मग भरतीची वेळ गाठणे, हे दृश्य साध्या मोटारींमुळेही आपल्या परिचयाचे झाले आहे. मोठी गाडी रात्रभर उभी राहते ती बहुधा रापणकारांच्या जाळी वाळविण्याच्या जागेत किंवा गावच्या एकुलत्या वाटेवर. मध्यरात्री रुग्णवाहिका आली, तर ती कोठून जावी? आणि त्या घरातील सांडपाणी व मैला कोठे जावा? उघड्यावर स्वयंपाक करण्यास गोव्यात २०१९ पासून दंड आहे. पण टाकी रिकामी करण्याची जागाच दाखविली नाही, तर ती ओहोळातच रिकामी होणार. न्यूझीलंडने २०११ मध्ये मोकळ्या मुक्कामाचा कायदा केला आणि २०२३ मध्ये तो अधिक कडक करून, 'स्वयंपूर्ण' म्हणविणाऱ्या गाडीत कायमचे बसविलेले शौचकूप हवेच, अशी अट घातली. पाहुण्यांवर जगणाऱ्या देशालाही नियमांचे भय वाटले नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

येथे करावयाचे ते अवघड नाही. भाड्याने देणाराने गाडीची लांबी, रुंदी व उंची चालकाच्या डोळ्यांसमोर ठळक लिहावी आणि मोकळ्या मैदानात वळण व मागे घेणे करवून घेतल्यावाचून किल्ली देऊ नये. सरकारने महामार्गालगत आकारानुसार तळ आखावेत. तेथे पाणी, वीज आणि मैला उपसण्याची सोय असावी. कोणत्या रस्त्यावर किती मोठी गाडी जाऊ शकेल, हे पंचायतींना विचारून ठरवावे आणि तशी पाटी गावाच्या वेशीवर लावावी, गावात अडकल्यावर नव्हे.

पाहुणा आपले घर बरोबर घेऊन येतो, याचा आम्हांस आनंद आहे. मात्र ज्यांची घरे येथेच आहेत, त्यांची वाट त्याने अडवू नये, एवढे पाहणे सरकारचे कर्तव्य आहे. एखादा जीव गेल्यावर जाग येण्याची आपली जुनी खोड या वेळी तरी मोडावी.