खिडकीतला उजेड : पांढऱ्यावर पांढरं

मागचे दोन महिने आपण फोटो काढण्याबद्दल बोललो. या वेळी काढून झालेल्या फोटोकडे वळूया, कारण 'हाय की' हा शब्द हल्ली फार कानावर पडतो. एडिटिंगच्या कितीतरी ॲपमध्ये त्या नावाचा किंवा त्या जातीचा एखादा फिल्टर असतो. तो दाबला की फोटो दुधात बुडवून काढल्यासारखा होतो. मागची भिंत गायब, नाकाची कड गायब, आणि वर आपणच म्हणतो, "काय क्लासी दिसतंय!" खरं सांगायचं तर बहुतेक वेळा ते हाय की नसतंच. तो नुसता उजेड जास्त झालेला फोटो असतो.

फरक कळायला शब्द कुठून आला ते बघू. सिनेमाच्या सेटवर मुख्य दिव्याला 'की लाइट' म्हणतात आणि त्याने पडलेल्या सावल्या भरून काढणाऱ्या दिव्याला 'फिल लाइट'. मुख्य दिवा एकटाच जोरात असला की अर्धा चेहरा उजेडात, अर्धा काळोखात. रहस्यपटातला खुनी असाच उभा असतो. पण भरणारा दिवा जवळजवळ मुख्य दिव्याइतकाच ठेवला, तर सावल्या विरघळतात आणि सगळं हलकं, प्रसन्न दिसू लागतं. हॉलिवूडचे जुने विनोदी आणि नाचगाण्याचे चित्रपट याच उजेडात काढलेले आहेत. म्हणजे हाय की ही मुळात प्रकाशाची मांडणी आहे. सावली कमी करायची, तपशील नाही. आणि त्या सगळ्या उजळपणात कुठेतरी एक छोटीशी गडद जागा राखायची, नजर टेकायला. तान्ह्या बाळाच्या फोटोत ती जागा म्हणजे डोळे. तीट लावली असेल तर मग विचारूच नका.

सरावासाठी चेहरा घेऊ नका. उकडीचा मोदक घ्या. गंमत नाही करत, पांढऱ्या बशीत ठेवलेल्या पांढऱ्या मोदकासारखा परीक्षक नाही. पडदा ओढलेल्या खिडकीशेजारी पांढऱ्या कापडावर बशी ठेवा, समोरच्या बाजूला थर्माकोलचा तुकडा किंवा पांढरा ड्रॉइंग पेपर उभा करा, म्हणजे खिडकीचा उजेड उलटून सावलीच्या बाजूला येईल. आता फोटो काढा. मोदक मळकट, राखाडी येईल. बिघाड काही नाही. कॅमेऱ्याच्या मीटरला समोरचं सगळं सरासरी मध्यम राखाडी असावं असं वाटतं, म्हणून पांढरं दिसलं की तो उजेड कमी करतो. कच्छच्या रणात पांढऱ्या मिठावर काढलेले आपल्या बडोदेकरांचे फोटो सिमेंटच्या मैदानावर काढल्यासारखे दिसतात, त्याचं कारण हेच. तेव्हा एक्स्पोजर एक ते दीड स्टॉप वाढवायचं. फोनवर मोदकावर बोट टेकवा आणि बाजूला सूर्याचं चिन्ह आलं की ते थोडं वर सरकवा.

आता एडिटिंग. स्नॅपसीड, लाइटरूम, फुकटातलं गिंप किंवा डार्कटेबल, काहीही चालेल. हिस्टोग्राम दिसत असेल तर तो आधी उघडा. त्या डोंगरासारख्या आलेखात डावं टोक 0 म्हणजे गच्च काळं, उजवं 255 म्हणजे कोरं पांढरं. हाय की फोटोत डोंगर उजवीकडे झुकलेला असतो, पण उजव्या भिंतीवर आदळलेला नसतो. तिथेच सगळी मेख आहे. लाल, हिरवा, निळा, तिन्ही रंग 255ला पोचले की त्या ठिपक्यात काही माहितीच उरत नाही. नंतर कितीही अंधार करा, मोदकाची कळी परत येत नाही, नुसता सपाट राखाडी डाग येतो. रॉ फाइल असेल तर ओढाताण करायला जागा जास्त मिळते, कारण तिच्यात प्रत्येक रंगाला 8ऐवजी 12 किंवा 14 बिट असतात. पण सेन्सरवरच जे कोरं झालं ते रॉमध्येही कोरंच.

म्हणून माझी रीत थोडी उलटी वाटेल. फोटो उजळायचा असतो आणि मी पहिल्यांदा हायलाइट खाली ओढते. कळ्या नीट दिसायला लागल्या की शॅडो वर. मग कर्व्हची रेघ मधोमध पकडून हलकेच वर उचलायची, डावं खालचं टोक मात्र जागचं हलू द्यायचं नाही. ते टोक उचललं की काळ्याचं राखाडी होतं आणि फोटोवर धुकं बसल्यासारखं वाटतं. (ग्वाल्हेरची मंडळी डिसेंबर-जानेवारीत सकाळी बाहेर पडून खरं धुकं टिपू शकतात, त्यांनी हा खटाटोप कशाला करावा!) मग रंगाचा गडदपणा किंचित कमी. क्लॅरिटीला हात लावू नका. हे सगळं करताना स्क्रीनचा उजेड मध्यम ठेवा आणि रात्रीचा पिवळा मोड बंद. मंद स्क्रीनवर रात्री उजळलेला फोटो सकाळी भाजल्यासारखा दिसतो.

मोदक जमला की चेहरा. आणि इथे तंत्राच्या बाहेरची गोष्ट सुरू होते.

हाय कीमध्ये उजळायचा असतो तो परिसर, माणसाची कातडी नव्हे. पण फिल्टरला हे कळत नाही आणि आपल्या घरांनाही बरेचदा कळून घ्यायचं नसतं. माझ्या भाचीचं लग्नाचं बघायला लागले तेव्हा तिचे फोटो एका स्टुडिओत काढून आणले होते. भाची चांगली सावळी आहे. फोटोत चेहरा पिठासारखा आणि मांडीवर ठेवलेले हात मात्र तिचे. तिने तो माझ्यासमोर धरला आणि म्हणाली, "मावशी, हात माझे आहेत. चेहरा कोणाचाय?"

मग आम्ही गच्चीवर गेलो. आभाळ भरून आलेलं होतं, म्हणजे वर आयता पांढरा पडदा. मागे चुन्याची भिंत, अंगात पांढरा चिकनचा कुर्ता. तिला मी भिंतीपासून चार पावलं पुढे उभं केलं आणि पायाशी जुनी पांढरी चादर पसरली, हनुवटीखालची सावली भरायला. लॅपटॉपवर तिच्याभोवती मास्क काढला आणि फक्त भिंत उजळली, कोऱ्या पांढऱ्याच्या किंचित अलीकडे आणून थांबवली. कुर्त्याचे हायलाइट खाली, म्हणजे कशिदा दिसू लागला. चेहऱ्यावर एवढंच केलं की डोळ्यांखालची सावली थोडी उचलली. बाकी हात लावला नाही. आणि फोटो असा काही उठून आला! माझं मत विचाराल तर हाय की सावळ्या चेहऱ्यालाच जास्त शोभतं. गोरा चेहरा त्या पांढऱ्यात विरघळत जातो, मग लिपस्टिक आणि भुवया तेवढ्या तरंगत राहतात. सावळ्या चेहऱ्याचं हाडपेर, गालावरची चमक, सगळं शाबूत राहतं आणि नजर सरळ तिथेच जाते.

ताई मागे उभी राहून बघत होती. "छान आलाय. जरा उजळ कर गं."

"उजळच आहे की, ताई. अजून केला तर कशिदा जाईल."

"फोटो नाही. ती."

भाची तिथेच बसलेली होती. थोडा वेळ कोणी काही बोललं नाही. मग तिने लॅपटॉप स्वतःकडे ओढला, बायोडेटाची फाइल उघडली, 'वर्ण' पुढे लिहिलेलं 'गव्हाळ' खोडून तिथे 'सावळा' लिहिलं, आणि मला म्हणाली, "आता फोटो जुळतोय." तोच फोटो गेला. ताईने त्या दिवशी चहा केला, पण माझ्याशी बोलली दुसऱ्या दिवशी. "स्थळं नाही आली तर तुझ्या फोटोवर बिल फाडीन," असं अजूनही म्हणते. अर्धं हसत, अर्धं नाही.

ताईला एकटीला तरी काय दोष द्यायचा? यंत्रंही त्याच वळणाची आहेत. पूर्वी रंगीत फिल्मच्या लॅबमध्ये रंग जुळवायला कोडॅकचं 'शर्ली कार्ड' असायचं, त्यावर गोऱ्या बाईचा फोटो. तिची कातडी बरोबर आली की रंग बरोबर. आज कितीतरी फोनांच्या सेल्फीत ब्यूटी मोड असतो आणि तो काही न विचारता चेहरा उजळून टाकतो. सेटिंगमध्ये जाऊन एकदा बघा, तुमच्याकडे तो चालू आहे का.

फोटो कृष्णधवल करायचा असेल तर आणखी एक सापळा आहे. तिथे रंगांचे सरकपट्टे मिळतात, त्यातला नारिंगी आणि लाल हे आपल्या कातडीचे. नारिंगी वर ढकलला की सावळा माणूस एका क्षणात गोरा. उलटही होतं. आजीच्या लग्नाचा जुना फोटो घरात असेल तर तिचं कुंकू काळं दिसतंय का पाहा. जुन्या काळच्या बऱ्याच प्लेटा आणि फिल्मना लाल रंग जवळजवळ दिसतच नसे, त्यामुळे लाल शालू काळा यायचा आणि चेहराही असायचा त्याहून गडद यायचा. म्हणून कृष्णधवल करताना मी आधी सगळे पट्टे शून्यावर ठेवते, आणि नारिंगीला हात लावायचाच असेल तर शेजारी मूळ रंगीत फोटो उघडा ठेवते. चेहरा, कान, मान आणि हात एकाच माणसाचे वाटतात ना, एवढं बघायचं.

प्रिंट काढणार असाल तर भिंत 255वर नेऊ नका, 245 ते 250च्या आसपास थांबवा. अगदी कोऱ्या जागी शाई पडतच नाही, मग फोटो कुठे संपला आणि कागद कुठे सुरू झाला ते कळत नाही. तरीही कोरी भिंत हवीच असेल तर भोवती केसाएवढी बारीक राखाडी रेघ द्या.

मोदकाचे प्रयोग करून पाहा, मोदक नंतर खाता येतात हा जादा फायदा. पुढच्या महिन्यात याच्या बरोबर उलटी बाजू घेऊ : गडद खोली आणि एकच समई. तेवढ्यासाठी दिवाळीपर्यंत थांबायची गरज नाही, समई मात्र घासून ठेवा.